पाणी, वाट आणि सावली

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास तारापूर औद्योगिक वसाहतीतून जनरल शिफ्ट सुटते आणि बोईसरच्या दिशेने सायकलींची रांग लागते. एरवी ही मंडळी वाटेत चहाला थांबतात, वडापाव घेतात, गप्पा मारतात. रमजानच्या महिन्यात मात्र त्या रांगेतल्या काही सायकली कुठेही थांबत नाहीत. हँडलला लटकलेल्या पिशवीत खजुराचे पाकीट, अर्धे कलिंगड, क्वचित भज्यांची पुडी. मगरिबची अजान पावणेसातच्या आसपास. त्याआधी अवधनगर, धोडीपूजा किंवा सरावलीची खोली गाठायची, हातपाय धुवायचे आणि दस्तरखानाशी बसायचे. पहाटेपासून पोटात अन्न नाही की पाणी नाही, आणि शेजारून टँकर जातोय. रस्त्याच्या कडेला फूटपाथ नाही. जिथे आहे तिथे त्यावर टपरी आहे, टपरी नाही तिथे ट्रक उभा आहे. म्हणून सायकल पुन्हा डांबरावर, टँकरच्या अंगावर.

रस्त्याला लागून एक नाला वाहतो. त्याच्याजवळ आल्यावर सायकलवाले गळ्यातला रुमाल नाकावर ओढतात. रोजेदारही ओढतो आणि रोजा नसलेलाही. रोजात वासाचा त्रास जरा अधिक होतो, एवढाच काय तो फरक.

हे दृश्य पाहताना एक हदीस आठवल्याशिवाय राहत नाही. हदीस म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांची वचने आणि आचरण यांची नोंद. अबू दाऊद यांच्या संग्रहात एक हदीस आहे. तिचा आशय असा : तीन जागी घाण करण्यापासून दूर राहा, कारण त्यामुळे लोकांचे शिव्याशाप लागतात. त्या तीन जागा म्हणजे लोक पाणी घेतात ती जागा, लोक चालतात ती वाट आणि लोक बसतात ती सावली. चौदाशे वर्षांपूर्वीच्या वाळवंटात माणसांना एकत्र आणणाऱ्या जागा याच होत्या. पालघर-बोईसरमध्ये आज एखाद्या माणसाने नदीकाठाने पायी किंवा सायकलवरून जायचे म्हटले, तर त्याला याच तीन गोष्टी लागतील. पाणी, वाट, सावली. तिन्ही एके ठिकाणी मिळतील अशी जागा या दोन शहरांत शोधावी लागते.

रमजान म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे खाण्याचे पदार्थ येतात. शीरखुर्मा, कबाब, नल्ली-निहारी, मोहम्मद अली रोडची गर्दी. प्रत्यक्षात हा महिना चालण्याचाही आहे. पहाटे सहेरी आटोपून फजरच्या नमाजला पायी जायचे, उजाडताना परत यायचे. रात्री इशाच्या नमाजनंतर तरावीह, म्हणजे रमजानमधली जादा नमाज. ती संपली की पुन्हा पायीच घरी. वयस्कर माणसांना एरवी डॉक्टर ओरडून सांगतात तेवढे चालणे या महिन्यात न सांगता होते. मदीनेत बनू सलिमा नावाचे एक कुळ मशिदीपासून लांब राहत असे. रोजची पायपीट टाळावी म्हणून त्यांनी मशिदीजवळ घरे करायचे ठरवले. प्रेषितांनी त्यांना सांगितले की आहात तिथेच राहा, तुमची पावले लिहिली जातात. ईदच्या नमाजला एका वाटेने जावे आणि दुसऱ्या वाटेने परतावे, असाही प्रघात आहे. त्यामागची कारणे आलिमांनी अनेक सांगितली आहेत. साधे कारण असे की दोन्ही वाटांवरची माणसे भेटतात.

पालघरला पायी चालण्याचा इतिहास शिकवायची गरज नाही. १४ ऑगस्ट १९४२ रोजी सातपाटी, मुरबे, नांदगाव आणि आसपासच्या गावांतून माणसे पायी पालघरच्या कचेरीकडे निघाली होती. त्या दिवशी गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेली पाचबत्ती आज शहराच्या मध्यावर आहे आणि दर वर्षी त्या दिवशी पालघर तिथे जमते. त्याच पाचबत्तीच्या चौकात आज संध्याकाळी सहा वाजता रस्ता ओलांडायचा असेल तर म्हाताऱ्या माणसाला कोणाचा तरी हात धरावा लागतो. पायी चालत येऊन ज्यांनी गावाचे नाव इतिहासात नेले, त्यांच्या नावाच्या चौकात पायी चालणाऱ्याला जागा नसावी, हे बरे दिसत नाही.

मग लोक चालतात कुठे? पालघरची मंडळी पहाटे कोळगावच्या बाजूला जातात. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा झाला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर-बोईसर रस्त्यावर सिडकोने उभारलेले जिल्हा मुख्यालय सुरू झाले. तिथले रस्ते रुंद, दिवे चांगले, वर्दळ कमी. सरकारी कामासाठी एरवी नाक मुरडत जाणारे लोक सकाळी तिथेच आनंदाने घाम गाळतात, ही गंमतच. ज्यांच्याकडे मोटरसायकल आहे ते शिरगावला किंवा केळव्याला जातात आणि सुरूच्या झाडांखाली चालतात. बोईसरवाल्यांना चिंचणीचा किनारा आहे. पण किनाऱ्यावर चालायला जायचे तर आधी गाडी काढून दहा-बारा किलोमीटर जावे लागते. चालण्यासाठी आधी वाहनाने जाणे हा शहरांचा जुना विनोद आता आपल्या गावांतही रुळला आहे.

आणि नद्या? त्या तर जवळच आहेत. पालघरहून माहीमकडे वाहत जाणारी पाणेरी आहे. पालघरच्या पूर्वेला, मनोर रस्त्याने दहा-बारा किलोमीटरवर मासवणला सूर्या आहे. त्यापलीकडे त्र्यंबकच्या डोंगरातून आलेली वैतरणा आहे. एके काळी तिच्यातून मनोरपर्यंत लहान गलबते येत. या सगळ्या मागच्या पिढ्यांच्या नद्या. पोहायला शिकलेले, मासे धरलेले, गणपती विसर्जनाला कमरेइतक्या पाण्यात उभे राहिलेले लोक अजून हयात आहेत.

पाणेरीची गोष्ट माहीमच्या लोकांना विचारावी. पालघरच्या कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे या छोट्या नदीत येत राहिले. पाण्याचा रंग बदलला, मासे मेले, काठच्या विहिरी आणि बागायती यांची काळजी लागली. माहीमकरांनी बैठका घेतल्या, निवेदने दिली, पाणेरी बचावसाठी समिती केली, मोर्चे काढले. त्यात मांगेला होते, वाडवळ होते, भंडारी होते, मुसलमान होते. नदीचे पाणी कोणाच्या वाडीत जात-धर्म विचारून शिरत नाही. तरी आजही माहीम रस्त्याने सायकलवरून जाताना पुलावर थांबून खाली पाहावे असे वाटत नाही. नदीकाठी चालायची वाट करा, असे सांगणाऱ्याने आधी नदीकाठी श्वास घेता येतो का ते पाहावे. हा क्रम उलटा झाला की वाट निरुपयोगी ठरते.

बोईसरकडे हाच प्रश्न आकाराने मोठा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या १०० औद्योगिक पट्ट्यांची मोजणी केली. हवा, पाणी आणि जमीन यांचा एकत्रित निर्देशांक काढला. त्यात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले आणि ते देशात पहिले आले. अशा परीक्षेत पहिले येणे म्हणजे काय, हे नवापूर, दांडी, मुरबे, सातपाटीच्या मच्छीमारांना कागद वाचायच्या आधीच माहीत होते. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. कारखान्यांचे सांडपाणी नीट प्रक्रिया न होता नाल्यांतून खाडीत आणि समुद्रात जाते, ही मूळ तक्रार. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता होती दिवसाला २.५ कोटी लिटर आणि येणारे पाणी त्याहून जास्त. नंतर ५ कोटी लिटर क्षमतेचे नवे केंद्र उभे राहिले. लवादाने जानेवारी २०२२ मध्ये शंभराहून अधिक कारखान्यांवर आणि प्रक्रिया केंद्रावर मिळून सुमारे १६० कोटी रुपयांची भरपाई बसवली. पुढे प्रकरण वरच्या न्यायालयात गेले. ज्यांनी हा लढा सुरू केला ते वकील नव्हते, जाळी विणणारे लोक होते, ही गोष्ट इथे नोंदवून ठेवावी.

इथे मुस्लिम वाचकाने आणखी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. बोट कारखान्यांकडे दाखवणे सोपे आहे. पण रमजानच्या रात्री मशिदीच्या आसपास जो बाजार भरतो, तो उठल्यावर मागे काय उरते? थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे पेले, सरबताच्या बाटल्या, कलिंगडाची साले. सकाळी नगरपरिषदेची किंवा ग्रामपंचायतीची गाडी येईपर्यंत त्यातले अर्धे गटारात गेलेले असते. ते गटार नाल्याला मिळते आणि नाला खाडीला. वाटेतला काटा, दगड किंवा अडथळा बाजूला करणे ही ईमानची एक शाखा आहे, असे मदरशात पहिल्याच वर्षी शिकवतात. इफ्तारनंतर त्या धड्याची उजळणी कमी जण करतात. काही मशिदींनी अलीकडे स्टीलच्या ताटल्या ठेवल्या आहेत, जेवल्यावर ज्याची त्याने धुवायची. सुरुवातीला कुरकुर झाली, मग सवय झाली. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

वजूचेही तसेच. नमाजपूर्वी हात, तोंड, चेहरा, पाय धुणे म्हणजे वजू. प्रेषित एका मुद पाण्यात वजू करीत, अशी विश्वसनीय हदीस आहे. मुद हे तेव्हाचे माप, आजच्या हिशेबाने जेमतेम पाऊण लिटर. मशिदीच्या हौदाजवळच्या नळावर उभे राहून पाहिले तर एकेक नमाजी किती पाणी सोडतो हे मोजायलाही नको. नळ सुरू, गप्पा सुरू. इब्न माजा यांच्या संग्रहात एक प्रसंग येतो. सअद नावाचे सहाबी वजू करताना पाणी जास्त वापरत होते. प्रेषितांनी विचारले, ही उधळपट्टी कशाला? सअद यांना आश्चर्य वाटले, वजूतसुद्धा उधळपट्टी असते? उत्तराचा आशय असा होता की हो, तुम्ही वाहत्या नदीच्या काठी बसलेले असलात तरी असते.

वाहत्या नदीचा हा उल्लेख पालघरमध्ये वाचताना सूर्याच आठवते. पालघर आणि २६ गावांच्या नळांत येणारे पाणी मासवणच्या परिसरात सूर्येतून उचलले जाते. वरती धामणीचे धरण, खाली कवडासचा बंधारा. त्याच पाण्यावर तारापूरचे कारखाने चालतात. सूर्या प्रादेशिक योजनेतून दिवसाला ४०.३ कोटी लिटर पाणी शहरांकडे न्यायचे ठरले, त्यातले १८.५ कोटी लिटर वसई-विरारला आणि २१.८ कोटी लिटर मीरा-भाईंदरला. धरण झाले तेव्हा ते डहाणू, विक्रमगड, पालघरच्या शेतीसाठी म्हणून झाले होते. त्यामुळे इथल्या शेतकऱ्यांनी या योजनेविरुद्ध आवाज उठवला, त्यात नवल नव्हते. शहरांना तहान असते हे खरे, आणि ज्याच्या दारातून नदी जाते त्यालाही ती असते. सांगायचा मुद्दा असा की पालघरच्या मशिदीत, मंदिराच्या हातपाय धुवायच्या नळावर आणि चर्चच्या अंगणात येणारे पाणी एकाच काठावरून येते. तो काठ आपल्यापैकी किती जणांनी जवळून पाहिला आहे?

पाहण्यासारखा आहे. रविवारी सकाळी पालघरची काही सायकलवाली पोरे मनोर रस्त्याने मासवणपर्यंत जातात. गिअरच्या सायकली, डोक्यावर हेल्मेट, हातावर पावले मोजणारी घड्याळे. पुलावर थांबून फोटो काढतात आणि परत फिरतात, कारण पुलावरून खाली नदीकाठाने जायला नीट वाट नाही. त्याच रस्त्यावर दुसरी एक सायकलस्वारी चालते, जिचे फोटो कोणी काढत नाही. दूधवाला, पाड्यावरून पालघरला मजुरीला येणारा, मागे कॅरिअरवर भाजीची टोपली बांधलेला. त्याची सायकल काळी, दांड्याची, बिनगिअरची. शहरात सायकल ट्रॅकची चर्चा सुरू झाली की ती पहिल्या सायकलवाल्यांसाठी असते. रोज रस्त्यावर जिवाची जोखीम घेतो तो दुसरा. पालघर-बोईसरमध्ये कधी सायकलची वाट झालीच, तर ती आधी कारखान्याच्या फाटकापासून कामगारवस्तीपर्यंत व्हावी आणि नंतर मासवणला जावी. हा क्रम पाळला तर दोघांचेही भले होईल.

आता बाहेर काय चालले आहे तेही पाहू. पालघर-बोईसरहून रेल्वेने काही तासांवर अहमदाबाद आहे. तिथला साबरमती रिव्हरफ्रंट अनेकांनी पाहिला असेल. १९९७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कंपनी झाली, २००५ मध्ये काम सुरू झाले आणि २०१२ पासून लोक तिथे फिरू लागले. दोन्ही काठांवर मिळून वीसहून अधिक किलोमीटरची वाट आहे. खालच्या पातळीवर पाण्यालगत चालायचे, वर बागा आणि रस्ते. २०२२ मध्ये त्यावर फक्त पायी जाणाऱ्यांसाठी अटल पूलही झाला. संध्याकाळी तिथे म्हातारी माणसे, बुरख्यातल्या आणि साडीतल्या बायका, प्रेमात पडलेली पोरे, सगळे एकाच काठावर दिसतात. सुलतान अहमदशहाच्या काळापासून, म्हणजे पंधराव्या शतकापासून, चालत आलेला आणि साबरमतीच्या वाळवंटात दर रविवारी भरणारा गुजरी बाजार तिथून उठवला जाईल अशी भीती होती. झगडा झाला, आणि अखेर रिव्हरफ्रंटवरच त्याला जागा मिळाली. ही चांगली बाजू.

दुसरी बाजू अशी. नदीचे पात्र भिंती घालून सगळीकडे एकसारखे, २६३ मीटर रुंद करण्यात आले. काठावरच्या झोपड्यांतली हजारो कुटुंबे हलवावी लागली. त्यांत मुसलमान आणि दलित मोठ्या संख्येने होते, आणि कित्येकांना शहराच्या कडेला लांब घरे मिळाली. न्यायालयात गेल्यावर पुनर्वसनाला वेग आला. रिव्हरफ्रंटवर जे पाणी दिसते ते मुख्यतः नर्मदेच्या कालव्याचे आहे. वासणा बंधाऱ्याच्या खाली गेले की तीच साबरमती सांडपाण्याने काळी झालेली दिसते, आणि त्याबद्दल गुजरात उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. म्हणजे चालायला छान वाट झाली, नदी मात्र पुढच्या गावांपर्यंत तशीच राहिली. पालघरच्या भाषेत सांगायचे तर पालघरला बाग आणि माहीमला घाण.

पुण्यातही मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचा नदीकाठ सुधारणा प्रकल्प आहे. खर्चाचा अंदाज ४,७२७ कोटी रुपये. ६ मार्च २०२२ रोजी त्याचे भूमिपूजन झाले. पुढच्याच वर्षी झाडे तोडण्याविरुद्ध पुणेकर रस्त्यावर उतरले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. वाट हवी की झाडे, असा प्रश्न पडतो तेव्हा आखणीतच काहीतरी चुकलेले असते. नदीकाठच्या वाटेला झाडेच नसतील तर मार्चच्या उन्हात त्यावर चालणार कोण? तीन गोष्टींपैकी सावली गेली की उरलेल्या दोनही फारशा कामाच्या राहत नाहीत.

आणि पाणी गेले तर काय होते, ते इराणच्या इस्फहानमध्ये दिसते. झायंदेरूद नदीवर १६०२ च्या सुमारास बांधलेला तेहतीस कमानींचा पूल आहे, त्याचे नावच तेहतीस पूल. खाजू नावाचा दुसरा पूलही प्रसिद्ध आहे. चारशे वर्षे इस्फहानचे लोक संध्याकाळी या पुलांच्या कमानींत येऊन बसत, गात, चालत. रमजानमध्ये इफ्तारनंतर तिथे जत्रा असे. गेली वीस-पंचवीस वर्षे ही नदी वर्षातले बरेच महिने कोरडी असते. वरच्या बाजूला पाणी इतरत्र वळवले, पाऊस घटला, वापर वाढला. नोव्हेंबर २०२१ मध्ये हजारो शेतकरी आणि शहरवासी त्या कोरड्या पात्रात येऊन बसले आणि नदी परत मागू लागले. लोक आजही पुलावर फिरायला येतात. कमानी तशाच सुंदर आहेत, खाली भेगाळलेली माती आहे.

पालघर-बोईसरला यातले काहीच उचलून आणायची गरज नाही. आपल्या नद्या लहान, काठ मातीचे, खाडीजवळ तिवरांची दाटी आणि खाजण. तिथे भिंती घालणे म्हणजे पावसाळ्यात पूर वस्तीत बोलावणे. जलसंपदा खात्याच्या नकाशांवर नदीकाठी दोन रेषा असतात. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचे नाही, असा नियम. ही जागा इमारतींच्या कामाची नाही, पण चालणाऱ्यांच्या पुष्कळ कामाची आहे. मुरमाची वाट, पावसाळ्यात दोन-चार दिवस पाण्याखाली गेली तरी चालणारी. काठाला करंज, भेंड, जांभूळ, जागा असेल तिथे वड. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने फूटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, म्हणजे दोन माणसे समोरासमोर आली तर कोणालाही खाली उतरावे लागू नये. एवढी रुंदी मासवणच्या काठावर मिळते, कोळगावच्या आवारात मिळते, आणि मनावर घेतले तर औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यांच्या कडेलाही मिळते. तिथे जमीन कमी नाही, त्या जमिनीवर उभे राहणारे ट्रक जास्त आहेत.

घाई यासाठी करायची की पुढे जागा उरणार नाही. चिल्हार-बोईसर रस्ता रुंद झाला, त्यात जुनी झाडे गेली. बुलेट ट्रेनचे स्थानक बोईसरला होणार आहे. समर्पित मालवाहू मार्ग झाला, विरार-डहाणूच्या जादा रेल्वेमार्गांचे काम सुरू आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्या सिडको मैदानात ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्या बंदराला मच्छीमारांचा विरोध आहे आणि त्यांची बाजू स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण बंदर, रेल्वे आणि रस्ते आले की जमिनीचे भाव चढतात. भाव चढले की सर्वांत आधी भराव पडतो तो नाल्यात आणि खाजणात. आज आराखड्यात नदीकाठची पट्टी राखून ठेवणे फुकटात होईल. दहा वर्षांनी तीच पट्टी विकत घ्यावी लागेल, आणि तिथे राहणाऱ्या गरिबाला हलवावे लागेल. अहमदाबादचा अनुभव समोर आहे.

रोजात चालावे की नाही, असा प्रश्न डॉक्टरांना या महिन्यात हमखास विचारला जातो. निरोगी माणसाने चालायला हरकत नसते, पण वेळ पाहून. दुपारच्या उन्हात दमछाक करणारा व्यायाम नको. इफ्तारच्या आधीचा अर्धा-पाऊण तास सावकाश चालायला बरा, कारण दमल्यावर लगेच पाणी मिळते. तरावीहनंतरचे चालणे त्याहून बरे. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र रोजा धरण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे आणि चालताना घाम, थरथर, भोवळ जाणवली तर रोजा सोडावा. आजारी माणसाला ती सवलत पवित्र कुरआननेच दिली आहे. रक्तातली साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हेही सांगायला हवे. कित्येक जण त्या भीतीने दिवसभर तपासतच नाहीत. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दर वर्षी मागे सरकतो. २०१८ मध्ये तो १७ मेच्या सुमारास, भर उन्हाळ्यात सुरू झाला होता. तेव्हा चौदा-पंधरा तासांचा रोजा धरून बॉयलरजवळ काम केलेले कामगार बोईसरमध्ये आहेत. आता तो थंडीकडे चालला आहे. पुढची काही वर्षे रोजात चालणे आणि सायकल चालवणे त्या मानाने सोपे जाईल.

बायकांचे चालणे हा वेगळाच विषय. तरावीहनंतर, रात्री दहाच्या पुढे, दिवसभर स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बायका दोघी-तिघी मिळून बाहेर पडतात. गल्लीच्या तोंडापर्यंत, फार तर दिव्याच्या खांबापर्यंत. तिथून पुढे अंधार असतो म्हणून परत फिरतात. त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गुजराती आणि मराठी शेजारणीही जेवणानंतर शतपावलीला निघालेल्या असतात आणि त्याही त्याच खांबापर्यंत जातात. दोन्हीकडच्या बायकांची भेट तिथे होते, मुलांच्या परीक्षांच्या गोष्टी होतात. नदीकाठच्या वाटेवर किती पैसे खर्च केले यापेक्षा तिथे रात्री दहाला दिवा चालू असतो का, हा प्रश्न या बायका आधी विचारतील.

एक हदीस अशी आहे की कयामत समोर दिसत असली आणि हातात रोप असेल, तर ते लावून टाका. पालघर जिल्ह्यात लावणीचा हंगाम जूनपासून सुरू होतो. रमजानमध्ये जकात आणि सदका देण्याची लगबग असते. जकात गरिबांच्याच हाती जायला हवी, त्यात तडजोड नाही. सदक्याचे तसे बंधन नाही. रोपे आणि त्यांना पहिली दोन वर्षे पाणी घालणाऱ्याची मजुरी, असा सदका कोणी जाहीर केला तर जूनपर्यंत तयारीला वेळ आहे. सावलीत बसणाऱ्याला कोणी लावले ते माहीत नसते, आणि माहीत असण्याची गरजही नसते.

मासवणच्या पुलावर रमजानच्या संध्याकाळी उभे राहिले तर पाड्यांवरून परतणाऱ्या सायकली दिसतात, आणि मधूनच पालघरकडे येणारा एखादा टेम्पो किंवा मोटरसायकल कठड्याशी थांबते. अजान इथपर्यंत ऐकू येत नाही. मोबाइलवर वेळ पाहावी लागते. बोईसरहून मनोरला सायकलवर निघालेला एक माणूस पुलावरच थांबतो, कठड्याला सायकल टेकवतो, पिशवीतून खजूर काढतो. पलीकडे गळ टाकून बसलेल्या आदिवासी म्हाताऱ्यालाही दोन खजूर देतो. "बाबा, घ्या." म्हातारा घेतो, "आज काय लागलं नाय बघ पाण्याला," म्हणतो. बाटलीतल्या अर्ध्या पाण्याने तो माणूस पाणी पितो, उरलेल्या अर्ध्यात वजू करतो, रस्त्याच्या कडेला रुमाल अंथरून नमाज पढतो. मागून दोन डंपर जातात, पूल थरथरतो. नमाज झाल्यावर तो खजुराच्या बिया कागदात गुंडाळून हँडलच्या पिशवीत ठेवतो, डायनॅमो चाकाला लावतो आणि मनोरच्या दिशेने निघतो.